हासळीवरची दुसरी टोच

१

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि घरातली शांतता मोडली.

यशोधरा धावली, ती दूध उतू जाईल म्हणून नव्हे. चेतन जागा होईल म्हणून. सात महिन्यांचं लेकरू सकाळपासून किरकिर करून आत्ता कुठं झोपलं होतं. पदरानंच पातेलं उतरवून तिनं कानोसा घेतला. झोळी हलली नाही. आता दोन घास खावेत म्हणून ती ताटाकडे वळते तोच दाराची कडी वाजली.

दारात भागिरथी सिस्टर उभी होती, धावत आल्यासारखी.

"मॅडम, सकाळचा पेशंट. मच्छिंद्र. त्याला दम लागलाय. ओठ काळेनिळे पडलेत."

ताट तसंच राहिलं. "साळूबाई, बाळाकडे बघा हं," एवढंच म्हणून ती निघाली. चेतनला सांभाळणारी साळूबाई मागून ओरडली, "दोन घास तरी खा की!" पण यशोधरा तोवर अंगण ओलांडून पलीकडच्या नर्सिंग होमच्या जिन्यात पोचली होती. राहुरीतल्या या छोट्या नर्सिंग होममध्ये भूल द्यायचं काम तिचं. घर मागच्या अंगणातच असल्यानं बोलावणं कधीही यायचं. पण असं बोलावणं आजवर आलं नव्हतं.

मुळा धरणाच्या बाजूच्या एका वस्तीवरचा मच्छिंद्र. कडबाकुट्टीत उजव्या हाताची बोटं सापडून आला होता. सकाळी बोटं शिवली, सगळं छान झालं, आणि आता तो खाटेवर उठून बसून हवेचे घोट घेत होता. उजव्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून तिनं ऐकलं. श्वासाचा आवाजच नाही. बोटानं ठोकून पाहिलं. रिकाम्या डब्यासारखी छाती वाजली.

एक्स-रेची ओली प्लेट खिडकीला धरली तेव्हा डॉ. रंगनाथ शेट्यांनाही काही बोलायची गरज उरली नाही. उजवं फुप्फुस मुठीएवढं आक्रसून बसलं होतं. बरगड्या मात्र सगळ्या शाबूत. दोघांनी मिळून छातीत नळी घातली, पाण्याच्या बाटलीत हवेचे बुडबुडे सुटले आणि मच्छिंद्रच्या ओठांवर हळूहळू माणसाचा रंग परतला.

मग रंगनाथनी हातमोजे काढले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "फुप्फुसाला सुई लागलीय, मॅडम."

त्या माणसाच्या गळ्याशी सकाळी सुई धरणारा हात एकच होता. तिचा.

२

"बंद करा तो टीव्ही," केबिनमध्ये रंगनाथ म्हणाले. नर्सिंग होम त्यांचं, सर्जन ते, आवाजही त्यांचाच मोठा. "सोनोग्राफीचं मशीन पोटातलं बघायला घेतलंय मी, सुया खुपसायला नाही."

समोरच्या खुर्चीत आबासाहेब बसले होते. चाळीस वर्षं जिल्हाभर भूल दिलेला माणूस. यशोधरेचे गुरू. बौद्धवस्तीतली पोर डॉक्टर होऊन आली तेव्हा इथल्या दोघा-तिघांनी नाकं मुरडली होती. आबासाहेबांनी आपल्या जागेवर तिला आणून उभं केलं आणि म्हणाले होते, "हिच्या हातात माझा हात आहे, समजा." निवृत्त होऊनही रोज सकाळी चहाला ते इथेच येत, मागच्या व्हरांड्यातल्या खुर्चीत.

"पोरीवर ओरडू नका, शेटे," ते म्हणाले. "भूल देणाऱ्याच्या आयुष्यात हे एकदा तरी होतंच. माझ्या हातून झालं नाही का? आणि तो मनुष्यही बिडीवाला. टेबलावर पडल्या पडल्या ठसकला म्हणजे बघा. असली फुप्फुसं जुन्या फडक्यासारखी असतात, जरा लागलं की फाटतात."

"मग ठरलं," रंगनाथ म्हणाले. "नातेवाइकांना सांगायचं, बिडीमुळं फुप्फुस फाटलं. आणि उद्या सकाळी ती मनगटाची केस आहे, तिला आबासाहेब भूल देतील. जुन्या पद्धतीनं. बोटानं चाचपून."

यशोधरेच्या अंगावर दूध साचून छाती ठणकत होती आणि डोक्यात एकच चित्र पुन्हा पुन्हा फिरत होतं, मशीनच्या पडद्यावरचं सुईचं टोक.

परदेशी मासिकांतून वाचून, पुण्याला जाऊन बघून तिनं सोनोग्राफीवर बघत हात बधिर करायला शिकून घेतलं होतं. अठ्ठ्याण्णव साल, जिल्ह्यात हे करणारं दुसरं कुणी तिला माहीत नव्हतं. हाताच्या शिरा, म्हणजे मज्जातंतू, मानेतून उतरून गळ्याखालच्या हासळीच्या हाडामागून जातात. तिथं त्यांच्याभोवती औषध सोडलं की अख्खा हात बधिर होतो. पण त्याच शिरांच्या खाली, बोटभर अंतरावर फुप्फुसाचं टोक असतं. जुनी रीत अशी: हाडावर बोट ठेवायचं, अंदाजानं सुई खाली घालायची आणि पेशंटच्या बोटांत करंट बसला की समजायचं, शीर लागली. नवी रीत म्हणजे सोनोग्राफीच्या पडद्यावर शिरांचा द्राक्षांसारखा घोस बघायचा, बाहेरच्या बाजूनं आडवी सुई आणायची आणि तिचं टोक डोळ्यांनी बघत बघत घोसाशी न्यायचं. यात करंट लागतच नाही. शिरेला टोचायचंच नसतं, तिच्या शेजारी थांबायचं असतं.

धोका यातही होता आणि तो तिला पक्का ठाऊक होता. मशीनची नजर वहीच्या पानाएवढी पातळ. सुई त्या पानातून जरा तिरपी निसटली, तर पडद्यावर टोक म्हणून दिसतो तो सुईचा मधलाच भाग. खरं टोक पुढं अंधारात जाऊन पोचलेलं असतं. म्हणून तिचा स्वतःशी एक नेम होता. टोक दिसेनासं झालं की हात गोठवायचा.

सकाळी टोक दिसत होतं. की दिसतंय असं वाटलं? रात्रभर चेतननं झोपू दिलं नव्हतं. डोळे चुरचुरत होते.

"मॅडम," भागिरथीनं दारातून हाक मारली. आवाज दबका होता. "जरा वार्डात येता? गळ्याची पट्टी बदलायला घेतली, तर..."

मच्छिंद्रच्या हासळीवरची चिकटपट्टी अर्धी सोललेली होती. बाहेरच्या कडेला, जिथून तिनं सुई आत नेली होती, तिथं बारीक ठिपका. आणि हाडाच्या मधोमध, अगदी वरच्या काठाला, दुसरा.

तिनं एकदाच टोचलं होतं.

३

"मच्छिंद्रभाऊ, सकाळचं काही आठवतंय का?"

"गुंगी हुती वो बाई." मच्छिंद्र तुटक बोलत होता, पण आता बोलत होता. "डोळ्यांवर फडकं, मान तिकडं वळीवल्याली. आदी तुमी त्ये गार गार काय तरी लावलं."

"जेल. मशीनसाठी."

"ह्यांना वाटलं टीव्हीवर शिरेल लावत्यात," खाटेच्या पायथ्याशी बसलेली त्याची बायको बनुबाई म्हणाली. एवढ्या संकटातही तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं. नऊ-दहा वर्षांची राजनंदिनी आईच्या मांडीला टेकून पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे टक लावून बघत होती.

"मी टोचलं तेव्हा काय झालं?"

"मुंगी चावल्यावानी. मग थोडं दडपल्यागत. तुमी म्हनलात, झालं, आता हात जड होईल. अन् बाहीर गेलात."

"मग?"

"मग मोठ्या डॉक्टरनी बोट चिमटीत धरलं. म्या वराडलो. ते बी वराडले. मग बत्ती गेली जनू, त्या पंख्याचा आवाज थांबला. अन् मग पुन्यांदा टोचलं की."

"पुन्हा?"

"व्हय. ह्ये मातुर वायलं हुतं. हितं हाडावर बोट दाबून दाबून बगितलं, अन् टोचल्याबरुबर करंट बसला. पार आंगठ्यापस्तोर. आन् लगोलग ठसका लागला. असा ठसका म्हंतो मी, उरात काय तरी फाटल्यावानी."

ठसका. भूल शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात सांगितली जाणारी गोष्ट. हासळीशी सुई असताना पेशंट ठसकला, की सुई फुप्फुसाच्या पडद्याला टेकली.

"पहिल्या वेळी ठसका नव्हता?"

"न्हाई."

"बिडीमुळं तर नसेल?" तिनं मुद्दामच विचारलं.

बनुबाई ताडकन उठली. "बिडी? ह्यांनी? अवं बाई, माळकरी हायेत त्ये! माळ घातल्यापासनं बिडीकाडीला शिवल्याले न्हाईत. सासरा गेला तवा पाव्हण्यांनी चिलीम फुडं केली तर ह्ये उठून गोठ्यात जाऊन बसले."

"मग माळ कुठाय?"

मच्छिंद्रनं डावा हात चादरीखालून काढला. मनगटाला तुळशीची माळ दुहेरी वेढली होती.

"मीच बांधली, मॅडम," भागिरथी म्हणाली. "गळा साफ करायचा होता ना. माळ अंगावेगळी करू देईनात. म्हटलं हाताला गुंडाळते."

यशोधरा वार्डाबाहेर आली तेव्हा तिचे पाय हलके झाले होते आणि त्याच क्षणी तिला स्वतःची लाजही वाटली. तिची सुई निर्दोष सुटली होती. पण कुणाची तरी सुई अजून या इमारतीत होती, आणि उद्या सकाळी दुसऱ्या माणसाच्या गळ्याशी जाणार होती.

४

भागिरथीला तिनं औषधांच्या खोलीत गाठलं.

"मी दूध पाजायला गेले तेव्हा तुला काय सांगितलं होतं?"

भागिरथीची नजर खाली गेली. "पेशंटजवळून हलू नको."

"हललीस?"

"शेटे सरांना गाऊन बांधायला हात धुवायच्या खोलीत गेले. तेवढ्यात लाइट गेली. तिथं मिट्ट काळोख. सर म्हणाले, टॉर्च आण. टॉर्च सापडेना, मॅडम, कुणी तरी सेल काढून रेडिओत घातलेले." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "परत आले तर पेशंट एकटाच होता. गळ्यावर नवी पट्टी. मला वाटलं तुम्हीच येऊन लावून गेलात. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही."

पट्टी भागिरथीनं लावली असेल असं यशोधरेनंही धरलं होतं, तिला तिच्यावर रागावता येईना. स्वतः ती तरी कुठं होती? कपडे बदलायच्या खोलीत, पाठ दाराकडे करून, चेतनला पदराखाली घेऊन. साळूबाई त्याला रडत घेऊन आली होती आणि तिला वाटलं होतं, हात बधिर व्हायला अर्धा तास तरी लागतो, तेवढ्यात पाजून होईल.

मग तिनं गोरक्षला गाठलं, ऑपरेशन थिएटरच्या मदतनीसाला. हातोहात सगळं करणारा आणि जे येत नाही तेही करून बघणारा. एकदा त्यानं एका पाहुण्याचा दात काढला होता.

"ओ टीव्हीवाल्या बाई, माज्यावर का डोळा?" तो म्हणाला. "लाइट गेली की जनरेटर कोन चालू करतं? मीच ना? सकाळी त्यो चालूच व्हईना. दोरी वढून वढून दंड आखडला. कंपाऊंडबाहीरचा रसवंतीवाला पार तिथून हसत हुता, इचारा त्याला."

विचारायची गरज नव्हती. चेतनला पाजताना मागच्या अंगणातली ती घरघर आणि गोरक्षच्या शिव्या तिनं स्वतः ऐकल्या होत्या. वीज येईपर्यंत त्या थांबल्या नव्हत्या.

उरले रंगनाथ. तापट, घाईचे. बोट चिमटीत धरून "बसला नाही बाईंचा टीव्ही!" असं ओरडलेले. औषध चढायला वेळ द्यावा लागतो हे त्यांना कधी पटलंच नाही.

ती सरळ केबिनमध्ये गेली. "सर, सकाळी तुम्ही मच्छिंद्रला पुन्हा टोचलंत का?"

"काय?" ते उसळलेच. "धुतलेले हात, अंगात निर्जंतुक गाऊन. दोन्ही हात असे छातीशी धरून भुतासारखा अंधारात उभा होतो मी. कशालाही शिवलो असतो तर पुन्हा धुवावं लागलं असतं, दुसरा गाऊन घालावा लागला असता. विचारा तुमच्या सिस्टरला, किती गाऊन उघडले."

भागिरथी दारातच होती. "एकच, मॅडम. डब्यातला दुसरा अजून तसाच बांधलेला आहे."

खरं होतं ते. रंगनाथ ओरडतील, आपटतील, पण निर्जंतुक हात बाटवणार नाहीत. आणि शिवाय पहिल्याच झटक्यात करंट मिळवणं हे सर्जनचं काम नव्हे. त्याला वर्षानुवर्षं मुरलेली बोटं लागतात. उजेडाचीही गरज नसलेली बोटं.

यशोधरेला दुपारचं आबासाहेबांचं वाक्य आठवलं.

टेबलावर पडल्या पडल्या ठसकला म्हणजे बघा.

मच्छिंद्र टेबलावर एकदाच ठसकला होता. तेव्हा खोलीत ना ती होती, ना भागिरथी, ना रंगनाथ. नंतरच्या शस्त्रक्रियेत ती स्वतः त्याच्या उशाशी बसून होती आणि तो एकदाही खोकला नव्हता. मग व्हरांड्यात चहा पीत बसलेल्या माणसाला तो ठसका ऐकू कसा आला?

५

आबासाहेब व्हरांड्यातल्या त्यांच्या खुर्चीतच होते. उन्हं कलली होती. तिला बघून त्यांनी शेजारची खुर्ची सरकवली.

"ये, पोरी. जेवलीस?"

तिला वाटलं, यांनी हे विचारायला नको होतं. तिनं बसणं टाळलं.

"आबासाहेब, हासळीशी सुई असताना पेशंट ठसकला तर काय करायचं?"

"मला परीक्षा घालतेस?" ते हसले. "सुई मागं. काम बंद. छातीवर लक्ष ठेवायचं."

"मग सकाळी तुम्ही सुई मागं का घेतली नाही?"

हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. त्यांनी कप खाली ठेवला.

"शेटे ओरडत होता," ते म्हणाले. "इथपर्यंत ऐकू येत होतं. म्हणाला, बाईंचा टीव्ही फसला. त्यात वीज गेली. म्हटलं, आता मशीनही बंद, तू लेकराला घेऊन बसलेली. परत आल्यावर सगळ्यांसमोर तुझी शोभा होणार. ट्रेमध्ये औषध भरलेलं होतंच. मागच्या दारानं गेलो, दोन मिनिटांचं काम. तू आलीस तेव्हा हात बधिर झालेला होता की नाही?"

"तो माझ्याच औषधानं झाला असता, आबासाहेब. थोडं थांबायचं होतं."

"मला काय ठाऊक? आमच्या वेळी करंट आला की काम झालं, नाही आला की नाही झालं. तुझं ते बिनकरंटचं माझ्या डोक्यात बसत नाही, खोटं कशाला बोलू."

"आणि ठसका?"

"बिडीचा वाटला गं." त्यांचा आवाज खाली आला. "असा काटकुळा, उन्हातला माणूस. हजारो बघितलेत. सगळे ठसकतात."

"माळकरी आहे तो."

"गळ्यात माळ नव्हती त्याच्या! मी बघितलं ना. मोकळा गळा होता."

"डाव्या मनगटाला होती. चादरीखाली."

आबासाहेबांनी उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला. त्या बोटांनी तिचं बोट धरून पहिल्यांदा हासळी चाचपायला शिकवलं होतं. तिला एकदम वाटलं, आत्ता खाली बसावं, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवावं आणि म्हणावं, राहू द्या, माझीच सुई होती. उद्यापासून टीव्ही बंद. कुणाला कळायचं नाही.

पण उद्या सकाळी मनगटाची केस होती.

"मला दुपारी केबिनमध्ये तुम्ही वाचवत होतात," ती म्हणाली. "माझीच सुई होती असं तुम्हाला खरंच वाटत होतं?"

"वाटून घेतलं," ते म्हणाले. "दोन सुया होत्या. तुझी नवी, माझी जुनी. म्हटलं, नवीच असणार."

मग ते उठले. खुर्चीचा आधार घ्यावा लागला त्यांना. "शेट्याला मी सांगतो. उद्याच्या केसला तूच भूल दे, मी तिथं नसेन. कुठंच नसेन आता. आणि त्या घरच्यांना..."

"मी सांगते."

"मी उभा राहतो शेजारी."

रंगनाथनी वार्डाच्या दारात दोघांना अडवून पाहिलं. "माणूस वाचलाय ना? मग कशाला आगीत हात घालता? वस्ती गोळा होईल उद्या इथं. बिडी म्हणा आणि सोडा."

"तो बिडी ओढत नाही, सर," यशोधरा म्हणाली आणि त्यांच्या बाजूनं आत गेली.

तिनं सगळं सांगितलं. मी पेशंट सोडून बाळाला पाजायला गेले, जायला नको होतं. मागं कुणीच नव्हतं. आबासाहेबांनी मदत करायची म्हणून दुसरी सुई दिली, ती फुप्फुसाला लागली. छातीतली नळी दोन-तीन दिवसांत निघेल, फुप्फुस पुन्हा फुलेल. आबासाहेब खाटेच्या कडेला हात जोडून उभे होते आणि ते जोडलेले हात बघून मच्छिंद्रच ओशाळला.

"आसू द्या, आसू द्या," तो म्हणाला. "म्हातारं मानूस."

"आसू द्या कसं?" बनुबाई कडाडली. "लेकरं उघड्यावर पडली आसती माजी!" आणि मग यशोधरेच्या ब्लाउजवर दुधाचे ओले डाग पसरलेले तिला दिसले. ती बोलता बोलता थांबली. आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढून तिनं पुढं केला. "जावा आदी. पाजून या. बाकीचं मागनं भांडू."

यशोधरेनं टॉवेल छातीशी धरला. सुटल्यासारखं वाटलं तिला. खरं सांगून टाकल्यावर माणसाला जरा उंच झाल्यासारखंही वाटतं, तसंही वाटलं. ती वळली, तोच कुणीतरी तिचा पदर ओढला.

राजनंदिनी. ती दिवसभर एक शब्द बोलली नव्हती. बाटलीतल्या बुडबुड्यांवरची नजर काढून तिनं यशोधरेच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या स्वरात राग नव्हता, नुसतं जाणून घ्यायचं होतं.

"डाक्टरीनबाई, माजा बा मेला आसता, तरी तुमी खरं सांगितलं आसतं का?"